दूध उकळून घ्यावे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र कोणी, कोणत्या नात्याने आणि कशासाठी लिहिले, हे पहिल्या परिच्छेदातच कळले पाहिजे, असा मी कचेरीत सर्वांच्या मागे धोशा लावतो. तो घरी सैल का करावा? तेव्हा लिहिणारा तुझा मधला भाऊ. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वयाची पन्नाशी ओलांडलेला, सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दूध तपासणी कचेरीत नमुना विभागाचा प्रमुख. नाते भावाचे. कारणे दोन.

पहिले कारण आनंदाचे. सूनबाईला दिवस गेल्याची बातमी तू तीन ओळींत उरकलीस, पण त्या ओळींतले अक्षर नेहमीपेक्षा मोठे आले आहे, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. लग्नाला इतकी वर्षे झाली, लोक काय काय बोलले, आणि त्या दोघांनी ते कानाआड केले. आता पदरात पडते आहे ते सुखरूप पडो. सूनबाईला आई नाही, हे तू कधीच विसरत नाहीस, तरी लिहितो.

दुसरे कारण कामाचे. या महिन्यात आमची माणसे तुमच्या भागातल्या प्रत्येक गोठ्यावर येऊन दुधाचा नमुना घेतील. हे जाहीर झालेले आहे, म्हणून सांगण्यास हरकत नाही. पाण्याची भेसळ आणि स्निग्धांश यांच्या जोडीला यंदा जनावरांच्या रोगाचीही तपासणी आहे. बाटलीवर मालकाचे नाव नसते, नुसता आकडा असतो. कोणता आकडा कोणत्या गोठ्याचा, हे एकट्या माझ्याकडे. नळीसमोर बसणाऱ्या बाईंना आपण कोणाचे दूध पाहतो आहोत हे ठाऊक नसते. ठाऊक झाले की डोळा वाकडा होतो. तू कृपा करून 'मी साहेबांची बहीण' अशी ओळख देऊ नयेस, आणि भाच्यालाही देऊ देऊ नयेस.

न्हाणीघराच्या दारात फरशी ओली ठेवू नये. सूनबाईने माळ्यावर चढू नये. दिवा मालवल्याची खात्री दोनदा करावी. टेलिफोनचा अर्ज अडकला असल्यास अर्जाचा क्रमांक कळव, मी पाठपुरावा करीन.

माया आहेच, तीत खंड पडू देऊ नये.

तुझा,
भाऊ
स्थळ : घर
ता. ५ जानेवारी


चि. गाळणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सूनबाईने मोठ्याने वाचून दाखवलं. 'वयाची पन्नाशी ओलांडलेला' आलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की चुलीवरचा चहा उतू गेला. अरे, तुझं वय मला सांगतोस? तुला पायावर घेऊन न्हाऊ घातलंय मी. तुला उगाच गाळणी म्हणत नाही कोणी. आमचा आनंदसुद्धा तू गाळून, कचरा बाजूला काढून, मग घेतोस.

तुझी नमुनेवाली काल येऊन गेली. काठीसारखी पोरगी, पण हात पक्का. कॅनमध्ये ती लांब दांड्याची ढवळणी घालून तळापासून असं घुसळलं तिने, की मी म्हटलं, बाई, आता लोणी काढूनच जा. हसली नाही. तुझ्याच हाताखालची, आणखी काय होणार. बाटली भरली, लाख लावली, माझी सही घेतली. मी नात्याचं अवाक्षर काढलं नाही. तुझ्या भाच्याच्या ओठांवर आलं होतं, पण मी डोळे वटारले.

एक वाईट झालं. थोरली गाय गाभडली, वासरू पोटातच गेलं. सातवा महिना होता तिचा. वारही पडेना, शेवटी पोराने हात घालून काढली. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, दुसरीने ढुशी दिली असेल. असेल. गेल्या वर्षी तांबडीचं असंच झालं तेव्हा तो म्हणाला होता पाय घसरला असेल. त्याच्या पिशवीत एक 'असेल' कायम असतो. सूनबाईला आम्ही सांगणार नव्हतो, पण थोरलीच्या हंबरण्यावरून तिला कळलं. तिला पाचवा लागलाय, मनाला लावून घेते. मी म्हटलं, जनावराचं जनावरापाशी, माणसाचं माणसापाशी. तू आपली वेळेवर जेव.

टेलिफोनचा अर्ज कुठे ठेवलाय ते आठवत नाही, हे वाचून तुला झोप येणार नाही, ठाऊक आहे.

लोभ आहे, तुझ्या सूचनांपेक्षा थोडा जास्तच.

तुझी,
ताई
घरून, ता. १९ जानेवारी


चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू वकील आहेस आणि भाऊही; या पत्राचे उत्तर दोन्ही नात्यांनी दे. ताईला यातले काही कळवू नकोस.

आज दुपारी आमच्या रसायनतज्ज्ञ बाईंनी एक नळी उजेडात धरून मला दाखवली. चाचणी साधी आहे. कच्च्या दुधात जांभळ्या औषधाचा थेंब टाकून नळी कोमट पाण्यात ठेवतात. जनावरे निरोगी असतील तर साय पांढरी वर येते. रोग असेल तर सायीला निळे कडे धरते आणि खालचे दूध स्वच्छ पांढरे राहते. दिसायला ते सुंदर असते, म्हणून नव्या माणसाला आधी त्याचा आनंद होतो. बाईंनी आकडा वाचला. यादी उघडण्याआधीच मला गोठा कळला, तरी उघडली. तो ताईचा आहे.

हा गाई गाभडण्याचा रोग आहे. ताईची थोरली गेल्या आठवड्यात गाभडली, तांबडी त्याआधी. कच्च्या दुधातून तो माणसाला होतो. रोज संध्याकाळी ताप, घाम, सांधे धरणे. आणि गर्भारशीचे मूल जाऊ शकते. संकलन केंद्रावर सगळे दूध तापवूनच पुढे जाते, तेव्हा शहरातल्या गिऱ्हाइकाला भीती नाही. भीती आहे ती त्या घरातल्या माणसांना, आणि त्या घरात सूनबाई आहे.

नियम तुला माहीत आहे, कारण त्याची भाषा तूच तपासून दिली होतीस. मागे एका मालकाला पहिल्या निकालाची कुणकुण लागली, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा गोठा रिकामा होता. जनावरे बाजारात गेली, त्यांच्यामागून रोग गावोगाव गेला. म्हणून मी लिहिले की जनावरांच्या रक्ताची दुसरी तपासणी होईपर्यंत मालकाला निकाल कोणत्याही मार्गाने कळवू नये. शिवाय हे कडे खोटेही असू शकते; कास सुजली असली तरी उमटते. माझ्या टेबलासमोर हात जोडून उभ्या राहिलेल्या कितीतरी माणसांना मी हा नियम दाखवून परत पाठवले आहे. त्यांच्याही घरी सुना असतील. मी विचारले नव्हते.

काय करावे ते लिही. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठव.

तुझा,
दादा
स्थळ : घर
ता. २१ जानेवारी


ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि कोर्टात जायला उशीर केला, यावरून काय ते समज.

आधी वकील बोलतो. नियम म्हणतो, निकाल कळवू नये. दूध उकळायला सांगू नये, असं तो कुठे म्हणतो? सांग तिला उकळायला. कारण लिहू नकोस. नियम शाबूत, ताई शाबूत, तुझी नोकरी शाबूत. अशी फट मी अशिलाला दाखवतो तेव्हा तो माझे पाय धरतो.

आता भाऊ बोलतो, फुकट. शनिवारची बस पकड. ताईच्या स्वयंपाकघरात पाटावर बस आणि तिला सगळं तोंडाने सांग. ताई काय जनावरं विकून पळून जाणारी आहे? थोरलीला कोणी विकत मागितलं तर ती त्याच्या अंगावर शेणाची पाटी रिकामी करेल. तुझा नियम ज्या माणसासाठी आहे तो माणूस ती नव्हे.

तू म्हणशील, मग तो नियम कसला. म्हणशीलच. लहानपणी पत्ते खेळताना माझी पानं चुकून दिसली, तर तू डाव मोडून पुन्हा वाटायचास. मी चिडायचो, आजही चिडलोय. तू वकिलाचं ऐकणार आणि भावाला पोस्टाचा खर्च पाठवणार.

आपुलकी राहू दे, फी माफ.

तुझा,
धाकटा
ता. २५ जानेवारी


ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र पावले. थोरलीचे वाचून वाईट वाटले. अर्जाचा क्रमांक नसल्यास अर्जाची तारीख तरी आठवून पाहा.

काही गोष्टी नमूद करतो. दूध उकळून घ्यावे. नुसते कोमट नव्हे, चांगली उकळी फुटू द्यावी. हे घरातल्या सर्वांना लागू आहे, सूनबाईला विशेष. गाय विताना किंवा गाभडताना भाच्याने उघडा हात घालू नये. रबरी मोजे मी वेगळ्या टपालाने पाठवत आहे. गाभडलेले वासरू आणि वार खोल पुरली नसल्यास आता पुरावी, आणि त्या जागी चुना टाकावा. कुंपणाच्या फाटकाची कडी सैल असल्याचे तू मागे लिहिले होतेस, तीही बसवून घ्यावी.

एवढे केल्याचे उलट टपाली कळव. मी वाट पाहत आहे.

स्नेह आहे तसा ठेवावास.

तुझा,
भाऊ
स्थळ : घर
ता. २८ जानेवारी


चि. गाळणीस,
अनेक आशीर्वाद.

मोजे पोचले. पोराने हातात चढवून आरशासमोर उभं राहून ऑपरेशन केलं. वासरू खोल पुरलंय, चुनाही टाकला. फाटकाची कडी बसवली. झालं समाधान?

आणि दूध उकळून घ्यावे म्हणे. गाळण्या, मी दूध उकळत नसते तर साय कुठून आली असती, आभाळातून? या घरात कच्चं दूध कपाला लागत नाही. कॅन केंद्रावर गेला की उरलेलं सगळं पातेल्यात, पातेलं चुलीवर, उकळी आल्याशिवाय खाली नाही. तू चाळीस कोसांवरून मला दूध तापवायला शिकवतोस, हे शेजारणीला सांगितलं तर ती बेशुद्ध पडेल.

सूनबाईची तर तुला काळजीच नको. तिचं दूध सुटलंय. तापलेल्या दुधाचा वास आला की तोंडाला पदर लावून बाहेर जाते. चहासुद्धा कोरा घेते. तीन महिने हे असंच चाललंय. पण तब्येत धरलीय बघ तिने. सकाळी माझ्याबरोबर गोठ्यात येऊन बसते, थोरलीच्या गळ्याखाली खाजवते, तिच्याशी काय काय बोलते, आणि परत येते ती गालावर रंग घेऊन. गोठा मानवलाय तिला. गेले चार दिवस संध्याकाळी थोडी कणकण वाटते म्हणते, हवा बदलतेय.

तू एकदा येऊन जा. पत्रातला तू आणि समोरचा तू यांत समोरचा बरा असतो.

आशीर्वाद पुरवून वापर.

तुझी,
ताई
घरून, ता. ४ फेब्रुवारी


चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या सल्ल्याप्रमाणे ताईला लिहिले. तिचे उत्तर आले. घरात सर्व दूध उकळले जाते आणि सूनबाईने तर दूधच सोडले आहे. छातीवरचा धोंडा उतरला.

रक्ततपासणीचे पथक अपुरे आहे. ताईच्या गोठ्याची पाळी महिनाअखेर येईल. पाळी अलीकडे आणणे माझ्या हाती होते. आणली नाही. तिच्या आधी ज्यांचे आकडे आहेत त्यांनाही घरे आहेत, आणि मी त्यांची नावे जाणतो. तू पुन्हा पत्त्यांच्या डावाचे लिहिशील. लिही.

ताईने कणकणीचा उल्लेख केला आहे. ऋतू बदलतो आहे, इकडे निम्मी कचेरी खोकते आहे. तरी लक्षात ठेवले आहे.

तुझा,
दादा
स्थळ : घर
ता. ८ फेब्रुवारी


ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईने पत्र लिहायला घेतलं आणि दोनदा टाकून दिलं, म्हणून मी लिहितो.

आमचं बाळ गेलं. गुरुवारी सकाळी हिच्या पोटात कळा सुरू झाल्या, मी जीप मागवून हॉस्पिटलात नेलं, दुपारी सगळं संपलं. मुलगी होती. ही वाचली. ताप अजून उतरत नाही.

हा ताप महिनाभर होता. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा, म्हणून आम्ही दिवसा डॉक्टरकडे गेलो की थर्मामीटरमध्ये काही दिसायचं नाही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, घरी जनावरं आहेत का, कच्चं दूध पिता का. ही म्हणाली, मी दूध पीतच नाही. आई म्हणाली, आमच्याकडे उकळल्याशिवाय दूध घेत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. मग परत येऊन त्यांनी वेगळं विचारलं, सकाळी उठल्यावर पोटात पहिलं काय जातं. ही म्हणाली, धार.

मामा, ही रोज गोठ्यात धार घ्यायची. आई पेला थेट थोरलीच्या कासेखाली धरायची, फेस असतानाच ही प्यायची. तापलेल्या दुधाचा वास सोसत नव्हता, धारेला वासच नसतो, तेवढी एकच गोष्ट तिच्या पोटात टिकत होती. आई कौतुकाने करायची. धारोष्ण म्हणजे अमृत, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात.

आम्ही हॉस्पिटलात असतानाच तुमच्या खात्याचं पथक गोठ्यावर येऊन रक्त घेऊन गेलं. परवा निकाल आला. थोरली, तांबडी आणि आणखी दोन. कागद द्यायला तीच नमुनेवाली आली होती. तिला आपल्या नात्याचं काही माहीत नव्हतं, ती आपली सरळपणे म्हणाली की दुधाच्या चाचणीत एकवीस जानेवारीलाच दिसलं होतं. कागदावरही ती तारीख आहे आणि खाली तुमची सही आहे.

मी हिशेबात कच्चा आहे हे तुम्ही नेहमी म्हणता, म्हणून विचारतो. तुम्ही मोजे पाठवलेत ती तारीख अठ्ठावीस. माझं काही चुकत असेल तर कळवा. चुकत असावं असं मला वाटतंय.

तुमचा,
भाचा
ता. ३ मार्च


नमुना विभागाच्या प्रमुखांस,

आपलं पत्र मिळालं. सगळं खरं लिहिलंत, काही लपवलं नाहीत, त्याची पोच देते.

चार जनावरं तुमची माणसं घेऊन गेली. थोरली गाडीत चढेना, तेव्हा पोराने पुढे होऊन तिला चढवली. गोठा चुन्याने धुतला. बाकीच्या दोघींचं दूध केंद्राने बंद ठेवलंय, ते मी खड्ड्यात ओतते. हे सगळं तुमच्या नियमाप्रमाणे.

तुम्ही लिहिता, 'दूध' असा शब्द मी वापरला, तो अपुरा पडला. अपुरा कसा पडेल? तुम्ही याच घरात वाढलात. आई तुम्हाला गोठ्यातून हाक मारायची ती 'धार घे' म्हणून. 'दूध पी' अशी हाक आली तर तो स्वयंपाकघरातला पेला असायचा, सायीचा, आणि तुम्ही पळून जायचात. धारेला आपण जन्मात कधी दूध म्हटलं नाही. जे चुलीवर चढतं ते दूध. तुमच्या कचेरीत दोन्हींना एकच नाव असेल.

मला लेखी सूचना आली, ती मी अक्षरशः पाळली. घरात आलेला थेंबन् थेंब उकळला. तुम्ही नुसतं एवढं लिहिलं असतंत की ताई, गाईंना रोग आहे, तर मी पेला तिच्या हातातून हिसकावून घेतला असता. कारण कळलं की बाईमाणूस बाकीचं आपोआप ओळखतं. तुम्ही मला काम सांगितलंत, कारण ठेवून घेतलंत. पेला कासेखाली धरणारा हात माझा आहे. तो मी आता कुठे ठेवू?

मी जनावरं विकली असती, असं तुम्हाला वाटलं का, हे मला विचारायचं होतं. आता नाही विचारत. तुम्हाला तसं वाटलं नव्हतं, आणि तरी लिहिलं नाहीत, ते जास्त लागलं.

सूनबाईला बघायला शेजारच्या बायका येतात, कोणी म्हणते गोठ्यात बसली म्हणून, कोणी म्हणते ओझं उचललं असेल. तिने एकदा पाण्याची बादली उचलली होती, मी रागावले होते. आता ती त्या बादलीकडे बघत बसते. धारेतून झालं हे डॉक्टरीणबाई तिच्यासमोरच बोलल्या, पण ते तिच्या कानात शिरलेलं दिसत नाही. मला तिला समजावता येत नाही. तोंड उघडलं की माझाच हात डोळ्यांसमोर येतो. तिला सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. तुम्हाला नीट लिहिता येतं.

कळावे.

गोठ्याची मालकीण
ता. १४ मार्च


चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

मी तुझ्या नवऱ्याचा मामा. दूध तपासणी कचेरीत नमुना विभागाचा प्रमुख. तुझे मूल कशाने गेले, ते तुझ्या चुकीने गेले नाही, आणि मला काय व केव्हा ठाऊक होते, हे तुला सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सावकाश वाच. थकलीस तर ठेवून दे आणि उद्या वाच.

पाण्याची बादली उचलल्याने असे झालेले नाही. गोठ्यात बसल्याने, थोरलीला खाजवल्याने झालेले नाही. तुझ्या रक्तात जो रोग सापडला, तोच त्या चार गाईंच्या रक्तात सापडला. तो त्यांच्या कच्च्या दुधात असतो. वास येत नाही, चव बदलत नाही, रंग बदलत नाही. तू चाखून, हुंगून, कितीही जपून तो ओळखू शकली नसतीस. तुझ्या सासूबाईही ओळखू शकल्या नसत्या. ओळखण्याची एकच रीत आहे, आणि ती आमच्या कचेरीत आहे. एकवीस जानेवारीला दुपारी ती आम्ही वापरली आणि रोग ओळखला.

तुला तो निकाल न सांगण्याबद्दल एक नियम आहे. तो मी लिहिला आहे. तुमच्याकडचे कळल्यावर मी तो बदलण्याची शिफारस वर पाठवली : निकाल लागताच घरातल्या माणसांना धोका सांगावा, जनावरे त्याच वेळी ताब्यात घ्यावीत. शिफारस परत आली. शेरा असा की पथके अपुरी आहेत, आणि मूळ नियम विचारपूर्वक केलेला असून त्याची कारणे नियमाच्या लेखकाने उत्तम मांडलेली आहेत. पुन्हा पाठवली आहे. तीही परत येईल, असे मला वाटते.

परंतु नियमाने माझे तोंड बांधले होते, असे मी म्हणणार नाही. दूध उकळा, एवढे लिहिता येत होते आणि मी ते लिहिले. धार घेऊ नका, हेही तितकेच लिहिता येत होते. तो शब्द मी या घरातच शिकलो. मी पत्र लिहायला बसलो तेव्हा तो मला आठवला नाही, कारण त्या वेळी मी तुमच्या घराचा विचार करत नव्हतो. मी आपल्या वाक्यात निकालाचा वास तर येत नाही ना, हे तपासत होतो. ते वाक्य मी चार वेळा लिहिले. चारही वेळा त्यात नियमाच्या दृष्टीने काही चूक नव्हती.

तुझ्या नवऱ्याने काल लिहिले की धारेचे तुला आता कळले आहे, आणि तू एकच गोष्ट विचारतेस : कोणत्या सकाळचा पेला. याचे उत्तर मला देता येत नाही, आणि ते कोणत्याही नळीत दिसत नाही. एकवीस तारखेपूर्वीच रोग शिरला असणे शक्य आहे. धाकटा म्हणतो, शंकेचा फायदा घे, कायदाही तो देतो. मी तो घेत नाही. एकवीस जानेवारीनंतर तू घेतलेली प्रत्येक धार माझ्या नावावर लिही. त्याआधीच्या कोणाच्याही नावावर नाहीत. तुझ्या तर नाहीतच.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या दोन्ही गोळ्या पूर्ण मुदतीपर्यंत घे. ताप उतरेल आणि तुला वाटेल, आता कशाला. थांबवू नकोस, कारण हा रोग हाडांत दबा धरून राहतो, आणि गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर महिन्यांनी परत उठतो. तुझ्या नवऱ्याचेही रक्त तपासून घ्या. कारण त्याने वार उघड्या हाताने काढली होती. पुढे पुन्हा मूल होण्याला यामुळे बाधा येत नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना भेटून स्वतः विचारले आहे. ते तुला आज ऐकायचे नसेल. नसेल तर ही ओळ वाचली नाहीस असे समज.

सासूबाईंना या पत्रातला दुसरा परिच्छेद वाचून दाखव. माझ्या हातचे त्या वाचतील असे वाटत नाही. तुझ्या तोंडून ऐकतील. शेजारच्या ज्या बाईने ओझ्याचे काढले तिलाही दाखवायला हरकत नाही. खाली सही आहे, हुद्दा आहे; कोणी खरेखोटे विचारले तर कचेरीत विचारावे, मी तेच उत्तर देईन. नोकरीचे काय व्हायचे ते होईल.

मुलीचे तुम्ही काही नाव ठेवले होते का, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. विचारत नाही.

लोभ मागावा असे या पत्रात काही नाही. आशीर्वाद वयाने देता येतो, म्हणून वर लिहिला आहे. घ्यायचा की नाही, ते तू ठरव.

तुझा मामेसासरा,
प्रमुख, नमुना विभाग, दूध तपासणी कचेरी
स्थळ : घर
ता. १७ मार्च